व्हर्च्युअल मशीनचा सीपीयू ८० टक्के रिकामा, तरी काम संथ: असं का होतं आणि काय करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. केव्हीएम (लिनक्सची व्हर्च्युअल मशीन चालवणारी यंत्रणा) असलेल्या होस्टवर, म्हणजे खऱ्या सर्व्हरवर, ८ व्हीसीपीयूंचं (आभासी सीपीयूंचं) एक लिनक्स व्हर्च्युअल मशीन, म्हणजे गेस्ट, आहे, त्यात डेटाबेस आणि एक मेसेज क्यू चालते. टॉप या कमांडमध्ये सीपीयू ८० टक्के रिकामा दिसतो, डिस्क आणि नेटवर्कवर ताण नाही. तरीही हेच सगळं थेट सर्व्हरवर चालवलं की प्रत्येक व्यवहार बराच लवकर पूर्ण होतो. कुणीतरी सुचवलं म्हणून गेस्टच्या कर्नलला ‘आयडल=पोल’ (काम नसलं तरी न झोपता वाट बघत राहा) हा बूट पर्याय दिला आणि वेळ एकदम सुधारली. पण आता होस्टवर ते आठही व्हीसीपीयू रात्रंदिवस १०० टक्के दिसतात. असंच चालू ठेवावं का?

नका ठेवू. पण तो प्रयोग वाया गेलेला नाही. त्याने निदान पक्कं झालं: तुमचा वेळ काम करण्यात जात नाहीये, झोपलेल्या व्हीसीपीयूला उठवण्यात जातोय. आता हीच सुधारणा स्वस्तात कशी मिळवायची एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर एका गोष्टीवर ठरतं: या मशीनला दिलेले कोअर फक्त तिचेच आहेत, की इतर मशीन्सही त्यावर चालतात? हे माहीत नसताना इंटरनेटवरचा कुठलाही ‘ट्युनिंग’ सल्ला लावू नका.

आधी आत काय घडतं ते पाहू. थेट सर्व्हरवर कर्नलला काम उरलं नाही की तो सीपीयू-आयडल यंत्रणेकडे जातो. ती अंदाज बांधते की पुढची झोप साधारण किती लांब असेल, आणि त्याप्रमाणे एमवेट इन्स्ट्रक्शनने उथळ किंवा खोल सी-स्टेट (कोअरच्या झोपेची पातळी) निवडते. एमवेटची गंमत अशी की ते मेमरीतल्या एका पत्त्यावर नजर ठेवून झोपतं. दुसऱ्या कोअरने तिथे नुसतं लिहिलं तरी हा कोअर उठतो, इंटरप्टची (सीपीयूचं लक्ष वेधणाऱ्या सिग्नलची) गरज पडत नाही.

व्हर्च्युअल मशीनमध्ये ही सोय सहसा नसते. गेस्टमध्ये सीपीयू-आयडलचा चालू ड्रायव्हर कोणता ते सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती आणि सेटिंग दाखवणाऱ्या फाइल्समध्ये) बघा. बहुतेक वेळा तिथे ‘नन’ लिहिलेलं सापडेल. म्हणजे गेस्टला एकच झोप येते: एचएलटी ही ‘इंटरप्ट येईपर्यंत थांब’ सांगणारी इन्स्ट्रक्शन. आणि एचएलटी चालवलं की व्हीएम एक्झिट होते, ताबा केव्हीएमकडे जातो, केव्हीएम त्या व्हीसीपीयूचा थ्रेड ब्लॉक करतो, होस्टचा शेड्युलर दुसरं काम शोधतो, नसेल तर होस्टचा स्वतःचा आयडल लूप सुरू होतो आणि खरा कोअर सी-स्टेटमध्ये जातो. एका झोपेच्या जागी दोन झोपा, एकात एक.

उठण्याचा प्रवास याच्या उलट, आणि जास्त महाग. समजा व्हीसीपीयू २ वरच्या थ्रेडने क्यूत संदेश टाकला आणि तो घेणारा थ्रेड व्हीसीपीयू ५ वर झोपलाय. गेस्टचा कर्नल व्हीसीपीयू ५ ला रीशेड्यूलचा आयपीआय (एका सीपीयूने दुसऱ्याला पाठवलेला इंटरप्ट) पाठवायला जातो. त्यासाठी एपिकच्या (इंटरप्ट हाताळणाऱ्या घटकाच्या) रजिस्टरमध्ये लिहावं लागतं, आणि आयपीआय व्हर्च्युअलायझेशनची हार्डवेअर सोय नसेल तर तिथेच पहिली एक्झिट. केव्हीएमला कळतं की व्हीसीपीयू ५ चा थ्रेड ब्लॉक आहे, मग तो त्याला जागा करतो. होस्टचा शेड्युलर त्यासाठी कोअर निवडतो. तो कोअर झोपलेला असेल तर त्याला उठवावं लागतं, आणि तो सी६ मध्ये असेल तर तिथून बाहेर यायलाच वेळ लागतो. लिनक्सच्या इंटेल-आयडल ड्रायव्हरमध्ये स्कायलेक सर्व्हरसाठी सी१ मधून बाहेर येण्याचा वेळ २ मायक्रोसेकंद धरलाय, सी१ई चा १० आणि सी६ चा १३३. त्यानंतर कॉन्टेक्स्ट स्विच, व्हीएम एंट्री, इंटरप्ट आत घालणं, आणि मग कुठे गेस्टचा शेड्युलर त्या थ्रेडला चालवतो. यात टायमरही धरा: झोपताना आणि उठताना गेस्ट पुढच्या टिकची (कर्नलच्या टायमरच्या ठोक्याची) वेळ टीएससी-डेडलाइन रजिस्टरमध्ये लिहितो, आणि ते लिहिणंही एक्झिट घडवतं.

व्हिडिओ एन्कोडिंगसारख्या सतत चालणाऱ्या कामाला याने काही फरक पडत नाही, कारण तिथे झोपच नाही. सेकंदाला पाच वेळा उठणाऱ्या सर्व्हिसलाही नाही. मार खातात ती कामं मधली: थ्रेड एकमेकांकडे चेंडू टोलवतात, प्रत्येक टोल्यामागे काही मायक्रोसेकंदांचं काम आणि काही मायक्रोसेकंदांची वाट. डेटाबेसचे लॉक, ग्रुप कमिट, मेसेज क्यू, लहान नेटवर्क विनंत्या सगळे याच वर्गातले. म्हणूनच तुमचा सीपीयू ‘रिकामा’ दिसतो. तो रिकामेपणा उठवण्याच्या प्रतीक्षेचा आहे.

गेस्टचा शेड्युलर यात नकळत भर घालतो. थ्रेड जागा करायचा असेल तेव्हा लिनक्स शेजारचा रिकामा सीपीयू शोधतो, कारण खऱ्या हार्डवेअरवर रिकामा सीपीयू म्हणजे लगेच मिळणारा सीपीयू. गेस्टमध्ये रिकामा व्हीसीपीयू म्हणजे बहुधा होस्टवर ब्लॉक झालेला थ्रेड. शेड्युलर बिचारा सर्वात महागडी जागा स्वस्त समजून निवडतो. म्हणून तुम्हाला माझा पहिला सल्ला कुठल्याच पॅरामीटरचा नाही: ८ चे ४ व्हीसीपीयू करून बघा. २० टक्के वापर असलेल्या मशीनला आठ कशाला हवेत? कमी व्हीसीपीयू असले की ते जास्त वेळ जागे राहतात आणि काम जाग्या सीपीयूवर पडण्याची शक्यता वाढते. मागणी करणारे लोक ‘जास्त असलेले बरे’ म्हणून सोळा मागतात आणि मग संथपणाची तक्रार घेऊन येतात. त्यांना हे पटवणं सगळ्या ट्युनिंगपेक्षा अवघड असतं, हेही खरं.

आता मोजमाप. ‘आयडल=पोल’ काढा, गेस्ट रीबूट करा आणि भार चालू असताना होस्टवर ‘पर्फ’ या लिनक्सच्या मोजमापाच्या साधनाचं ‘पर्फ केव्हीएम स्टॅट’ थोडा वेळ रेकॉर्ड करून रिपोर्ट काढा. त्यात एक्झिटचे प्रकार, त्यांची संख्या आणि त्यात गेलेला वेळ दिसतो. इथे बरेच जण फसतात. एचएलटीच्या ओळीत वेळेचा वाटा ९५ टक्के दिसला की लोक घाबरतात. पण तो वेळ एक्झिटपासून पुढच्या एंट्रीपर्यंत मोजलेला असतो, म्हणजे व्हीसीपीयूची अख्खी झोप त्यात आली. रिकाम्या मशीनमध्येही तो आकडा तेवढाच दिसेल. बघायची ती संख्या: सेकंदाला प्रत्येक व्हीसीपीयू किती वेळा एचएलटी करतोय. शेकड्यात असेल तर विषय सोडून द्या. दहा-वीस हजारांच्या घरात असेल तर तुमचा आजार हाच.

दुसरी चाचणी गेस्टमध्ये करायची. ‘पर्फ बेंच शेड पाइप’ दोन प्रोसेसमध्ये पाइपवरून दहा लाख संदेश टोलवतं आणि प्रत्येक फेरीला किती मायक्रोसेकंद लागले ते सांगतं. एकदा टास्कसेट या कमांडने दोन्ही प्रोसेस एकाच व्हीसीपीयूला बांधून चालवा, एकदा मोकळं सोडून. बांधल्यावर आकडा कितीतरी पटींनी चांगला आला तर उठवण्याचा खर्च कुणाला समजावून सांगायची गरज उरत नाही. तो आकडाच बोलतो.

मग उपाय काय? सगळ्या उपायांमागची कल्पना एकच: लगेच झोपू नका, थोडा वेळ जागं राहून वाट बघा. सिग्नलला रिक्षावाला इंजिन बंद करतो तेव्हा तो काऊंटरवरचे सेकंद बघतो. पाच उरले असतील तर चालू ठेवतो, नव्वद असतील तर बंद करतो. ‘आयडल=पोल’ म्हणजे रिक्षा रात्री घरासमोर लावतानाही इंजिन चालूच. इथे ठरवायचं ते दोन गोष्टींचं: वाट किती वेळ बघायची आणि ती बघायची कुणी, होस्टने, गेस्टने की हार्डवेअरने.

होस्टची वाट ही सगळ्यात सुरक्षित आणि बहुतेक तुमच्याकडे आधीच चालू आहे. २०१५ साली पाओलो बोन्झिनी यांनी लिनक्स ४.० मध्ये केव्हीएमला हॉल्ट-पोलिंग दिलं. गेस्टने एचएलटी केलं की केव्हीएम लगेच थ्रेड ब्लॉक न करता काही काळ घिरट्या घालतो, म्हणजे काम आलं का ते सतत बघत राहतो. तेवढ्यात इंटरप्ट आला तर शेड्युलरच्या वाटेला न जाता सरळ गेस्टमध्ये परत. त्याच वर्षी वानपेंग ली यांनी ते स्वतःहून जुळवून घेणारं केलं. कमाल मर्यादा केव्हीएम मॉड्यूलच्या हॉल्ट-पोल-एनएस या पॅरामीटरमध्ये असते, एक्स८६ वर सध्या २,००,००० नॅनोसेकंद म्हणजे २०० मायक्रोसेकंद. प्रत्येक व्हीसीपीयूची चालू मर्यादा वेगळी: सुरुवात १० मायक्रोसेकंदांपासून, झोप चालू मर्यादेपेक्षा लांब पण कमालीच्या आत असेल तर ती दुप्पट होते, कमालीपेक्षा लांब गेली तर खाली येते. आणि महत्त्वाचं म्हणजे त्या कोअरवर दुसरं कुठलंही काम रांगेत आलं की घिरट्या तिथल्या तिथे थांबतात. म्हणून सामायिक होस्टवरही याने शेजाऱ्याचं फारसं नुकसान होत नाही.

हे चालतंय की नाही ते डीबगएफएसमधल्या (कर्नलच्या तपासणीसाठी असलेल्या फाइल्समधल्या) केव्हीएमच्या मोजण्या सांगतात: किती वेळा घिरट्या घालायचा प्रयत्न झाला, किती यशस्वी ठरले, यशस्वी घिरट्यांत किती नॅनोसेकंद गेले आणि वाया गेलेल्यांत किती. दोन वेळा वाचून फरक काढा. यशाचं प्रमाण चांगलं असूनही व्यवहार संथ असेल तर होस्टची वाट आपलं काम करतेय, उरलेला खर्च एक्झिटचा आहे. यश कमी आणि वाया गेलेला वेळ जास्त असेल तर झोपा २०० मायक्रोसेकंदांपेक्षा लांब आहेत. मर्यादा वाढवून बघता येते, पण जपून. गेस्ट १००० हर्ट्झचा नियमित टिक चालवत असेल तर तो दर मिलिसेकंदाला उठणारच. तुम्ही मर्यादा मिलिसेकंदाच्या वर नेलीत तर प्रत्येक झोप ‘यशस्वी’ ठरते, आणि पूर्ण रिकामं मशीन होस्टवर १०० टक्के दिसायला लागतं. म्हणजे फिरून पुन्हा जिथून निघालात तिथेच.

गेस्टची वाट ही तुमच्यासारख्या कामासाठी जास्त फायद्याची. लिनक्स ५.४ मध्ये, २०१९ साली, मार्सेलो तोसाट्टी यांचा हॉल्टपोल ड्रायव्हर आणि त्याच नावाचा गव्हर्नर (कधी आणि कसं झोपायचं ते ठरवणारा भाग) आला. इथे गेस्ट स्वतःच एचएलटी करण्याआधी थोडा वेळ वाट बघतो. फायदे दोन. पहिला उघड आहे: तेवढ्यात काम आलं तर एक्झिट झालीच नाही. दुसरा कमी लोकांच्या लक्षात येतो आणि माझ्या मते तोच मोठा आहे. घिरट्या घालणारा व्हीसीपीयू ‘मी जागा आहे, माझा झेंडा बघतोय’ अशी खूण लावून बसतो. मग व्हीसीपीयू २ ला आयपीआय पाठवावाच लागत नाही; तो मेमरीतला एक बिट उचलतो आणि व्हीसीपीयू ५ ला ते दिसतं. म्हणजे उठणाऱ्याचीच नव्हे, उठवणाऱ्याचीही एक्झिट वाचली. एमवेटने थेट हार्डवेअरवर जे मिळत होतं ते इथे सॉफ्टवेअरने मिळालं. हॉल्टपोल सुरू झाला की तो होस्टला कळवून त्या व्हीसीपीयूपुरत्या होस्टच्या घिरट्या बंद करायला सांगतो, नाहीतर दोघंही एकाच इंटरप्टची वाट एकामागून एक बघत बसले असते.

हॉल्टपोल गेस्टमध्ये आपोआप चालू होत नाही. त्याला होस्टकडून ‘हे कोअर समर्पित आहेत’ अशी सूचना मिळावी लागते. लिबव्हर्ट या व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या साधनाच्या एक्सएमएलमध्ये केव्हीएम विभागात हिंट-डेडिकेटेड आणि पोल-कंट्रोल हे दोन घटक चालू करायचे आणि सीपीयू मोड होस्ट-पासथ्रू (गेस्टला खरा सीपीयू जसाच्या तसा दाखवणारा) ठेवायचा. सूचना न देता ड्रायव्हरला जबरदस्तीने लोड करणारं ‘फोर्स’ पॅरामीटरही आहे. चालू झाल्यावर सिसएफएसमध्ये ‘नन’ च्या जागी ‘हॉल्टपोल’ दिसेल. गेस्टच्या घिरट्यांची कमाल मर्यादाही मुळात २०० मायक्रोसेकंदच आहे आणि तीही झोपेच्या लांबीनुसार वाढते-घटते.

आता सावधगिरी. हिंट-डेडिकेटेड हे वेगाचं बटण नाही, ते एक विधान आहे, आणि गेस्टचा कर्नल त्यावर विश्वास ठेवून आणखी काही गोष्टी बदलतो. तो पॅरा-व्हर्च्युअल (आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत हे जाणून चालणारे) स्पिनलॉक सोडून नेहमीचे, म्हणजे लॉक मिळेपर्यंत फिरत राहणारे, स्पिनलॉक वापरतो, आणि पॅरा-व्हर्च्युअल टीएलबी (मेमरीच्या पत्त्यांचा कॅश) फ्लशही सोडतो. समर्पित कोअरवर दोन्ही निर्णय बरोबर. पण सामायिक होस्टवर हे खोटं विधान केलंत तर काय होईल? लॉक धरलेला व्हीसीपीयू होस्टने मध्येच बाजूला काढला, की बाकीचे त्या लॉकसाठी फिरत राहतात आणि ज्याच्या हातात लॉक आहे त्यालाच कोअर मिळत नाही. टीएलबीचंही तेच: पॅरा-व्हर्च्युअल पद्धतीत बाजूला काढलेल्या व्हीसीपीयूच्या नावावर ‘आत येताना फ्लश कर’ अशी नोंद ठेवून पुढे जाता येतं, नेहमीच्या पद्धतीत त्याच्या उत्तराची वाट बघावी लागते. भार कमी असताना सगळं छान चालतं आणि महिनाअखेरीला पगाराचं काम लागलं की मशीन अचानक सेकंदभर गोठतं. अशा तक्रारीचं मूळ शोधायला फार वेळ जातो, कारण गोठल्याच्या क्षणी गेस्टमध्ये बघायला कुणी जागं नसतं.

सामायिक होस्टवर गेस्टच्या घिरट्या मुळातच अन्यायकारक आहेत. होस्टला शेजारी रांगेत उभा दिसतो, गेस्टला दिसत नाही. तो आपला वाट बघत राहतो आणि होस्टच्या हिशोबात ते खरं काम धरलं जातं. क्लाउडमधल्या बर्स्ट प्रकारच्या मशीन्समध्ये तर या घिरट्या तुमचेच सीपीयू क्रेडिट खातात.

तिसरा पर्याय हार्डवेअरला वाट बघू देण्याचा. लिनक्स ४.१७ पासून केव्हीएमला सांगता येतं की एचएलटी, एमवेट आणि पॉझ या इन्स्ट्रक्शनवर एक्झिट घेऊ नकोस. क्यूएमू या केव्हीएमसोबत मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामच्या २०१८ च्या ३.० आवृत्तीपासून हे ओव्हरकमिट पर्यायातल्या ‘सीपीयू-पीएम=ऑन’ ने चालू होतं. आता गेस्टचा एमवेट थेट खऱ्या कोअरला झोपवतो, मेमरीवर लिहिलं की तो उठतो, केव्हीएमला पत्ताही लागत नाही. एक्झिट नाही, घिरट्या नाहीत, आणि वीजही वाचते, कारण कोअर खरोखर झोपलेला असतो. कागदावर तरी याहून चांगला पर्याय नाही.

व्यवहारात त्याची किंमत म्हणजे होस्ट आंधळा होतो. होस्टच्या टॉपमध्ये व्हीसीपीयूचा थ्रेड कायम १०० टक्के दिसतो, मग गेस्ट आत घोरत का असेना. तुमचं मॉनिटरिंग त्या आकड्यावर अलर्ट देत असेल तर पहिल्याच रात्री फोन वाजेल. वर सांगितलेल्या हॉल्टच्या मोजण्याही शून्यावर येतात, कारण मोजायला एक्झिटच उरत नाही. आणि होस्टच्या शेड्युलरला हा थ्रेड सतत काम करतोय असं वाटत असल्याने त्याच कोअरवर व्हीहोस्टचा (नेटवर्कचा) थ्रेड, आयओ-थ्रेड (डिस्कचा) किंवा क्यूएमूचा एम्युलेटर थ्रेड आला तर त्याला अर्ध्या वेळेसाठी भांडावं लागतं. अशा वेळी नेटवर्कच संथ होतं आणि लोक म्हणतात की सीपीयू-पीएमने काही फायदा झाला नाही. हा पर्याय वापरायचा तर व्हीसीपीयू एकास एक पिन करा (प्रत्येकाला एका ठरावीक कोअरला बांधा), बाकीचे सगळे थ्रेड वेगळ्या कोअरवर बांधा, होस्टच्या कामासाठी एक-दोन कोअर राखून ठेवा. ओपनस्टॅक (क्लाउड चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर फ्लेवरमध्ये, म्हणजे मशीनच्या साच्यात, सीपीयू पॉलिसी डेडिकेटेड ठेवा. होस्ट-पासथ्रूमुळे लाइव्ह मायग्रेशन (चालू मशीन दुसरीकडे हलवणं) तशाच प्रोसेसरच्या सर्व्हरवर करावं लागेल, हेही आधीच ठरवून टाका.

व्हीएमवेअरवाल्यांसाठी एक वाक्य: व्हीस्फिअर ५.५ पासून ‘लेटन्सी सेन्सिटिव्हिटी’ हाय केलं की साधारण हाच विचार लागू होतो, आणि तिथेही सीपीयू-मेमरीचं पूर्ण आरक्षण मागितलं जातं ते याच कारणाने.

होस्टचे सी-स्टेट हा वेगळा मुद्दा आहे आणि तो गेस्टचं काहीही न बदलता हाताळता येतो. १३३ मायक्रोसेकंदांचा सी६ वाटेत येत असेल तर वरच्या सगळ्या उपायांआधी तोच बघा. पण बायोसमध्ये जाऊन सगळ्या सर्व्हरचे सी-स्टेट बंद करू नका. रिकामे कोअर सी६ मध्ये असतात म्हणून कामातल्या कोअरला वरचा टर्बो मिळतो. सगळ्यांना जागं ठेवलंत तर कमाल वेग उतरतो, शिवाय वीज आणि कूलिंगचं बिल वेगळं. लिनक्समध्ये प्रत्येक कोअरसाठी सिसएफएसच्या एका फाइलमध्ये पीएम-क्यूओएसची रिझ्यूम-लेटन्सी मर्यादा (उठायला किती उशीर चालेल ती) असते, ती फक्त तुमच्या पिन केलेल्या कोअरवर २० मायक्रोसेकंद ठेवा. तेवढ्या कोअरवर सी६ निवडला जात नाही, सी१ई पर्यंतची झोप चालते, बाकीचा सर्व्हर आपल्या पद्धतीने झोपतो. या फाइलचा एक विचित्रपणा लक्षात ठेवा: शून्य लिहिलं तर त्याचा अर्थ ‘बंधन नाही’ असा होतो, ‘अजिबात उशीर नको’ असा नाही. अजिबात उशीर नको असेल तर तिथे ‘एन/ए’ लिहायचं असतं. हे वाचून कुणालाही उलटंच वाटेल, पण कर्नलमध्ये ते तसं आहे.

हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड) चालू असेल तर घिरट्यांचा खर्च जोडीदार थ्रेडवरही पडतो. व्हीसीपीयू खरोखर झोपला की त्याचा जोडीदार कोअरची सगळी साधनं वापरतो. घिरट्या घालत असला की नाही. घिरट्यांमध्ये पॉझ इन्स्ट्रक्शन असते म्हणून हे नुकसान मर्यादित राहतं, शून्य होत नाही. ‘आयडल=पोल’ मध्ये तुमचे आठही व्हीसीपीयू हेच चोवीस तास करत होते.

त्याच होस्टवर विंडोज गेस्ट असतील तर त्यांच्याकडेही एकदा बघा, कारण तिथे आजार उलटा असतो: काहीही काम नसलेला विंडोज १० गेस्ट होस्टवर सतत काही टक्के सीपीयू खातो. कारण टायमर. त्याला चांगलं घड्याळ दिलं नाही तर तो एम्युलेट केलेल्या एचपीईटी किंवा आरटीसी या टायमरवर टेकतो आणि दर सेकंदाला शेकडो-हजारो वेळा उठून परत झोपतो, दर वेळी एक्झिट. लिबव्हर्टमध्ये एचपीईटी बंद करा, हायपर-व्ही घड्याळ चालू करा आणि हायपर-व्ही विभागात व्हीपीइंडेक्स, सिनिक आणि एस-टायमर हे तिन्ही द्या. एस-टायमर बाकीच्यांशिवाय चालत नाही, त्यामुळे एकटाच देऊन ‘उपयोग झाला नाही’ म्हणू नका. असे दहा-बारा विंडोज गेस्ट असतील तर यानेच होस्टवर बरीच जागा मोकळी होते, आणि तिचा फायदा तुमच्या डेटाबेसलाही मिळतो.

तुमच्या प्रसंगात मी क्रम असा ठेवेन. ‘आयडल=पोल’ काढायचं, व्हीसीपीयू चारावर आणायचे, एचएलटीची संख्या आणि पाइपची चाचणी नोंदवायची. होस्टचा सी६ त्या कोअरपुरता आवरायचा आणि पुन्हा मोजायचं. बऱ्याच ठिकाणी गोष्ट इथेच संपते. संपली नाही आणि कोअर समर्पित करणं तुमच्या हातात असेल तर पिन करून हिंट-डेडिकेटेड आणि हॉल्टपोल. सीपीयू-पीएमकडे मी तेव्हाच वळेन जेव्हा मायक्रोसेकंदांसाठी कुणी खरोखर पैसे मोजतंय आणि होस्टवर एम्युलेटर थ्रेड वेगळे बांधायला कोअर शिल्लक आहेत. कोअर समर्पित करणं शक्यच नसेल तर होस्टच्या हॉल्ट-पोलिंगवर समाधान माना. मर्यादा मुळातलीच ठेवा, आणि उरलेली सुधारणा ॲप्लिकेशनमध्ये शोधा: संदेश एकेक पाठवण्याऐवजी गठ्ठ्याने पाठवले की उठवण्याची वेळच कमी येते.

समर्पित करायचं ठरलंच तर त्या होस्टवर दुसरं मशीन जाणार नाही याची सोय यंत्रणेतच करून ठेवा. सहा महिन्यांनी नवीन माणूस येतो, त्याला होस्टवर ‘८० टक्के रिकामी’ जागा दिसते आणि तो तिथे तीन मशीन्स टाकतो. त्या दिवशी हिंट-डेडिकेटेड हे विधान खोटं होतं आणि गेस्टला ते कळवणारं कुणी नसतं.